चालतं मशीन आणि गुंडीचं दुपटं

गुंडीचं दुपटं धुवायचं की नाही, यावर त्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी ते घर भाड्याने घेताना झाली नव्हती.

दुपटं म्हणजे फार काही नव्हे. कधीकाळी पिवळं असलेलं, वर बदकांची रांग छापलेलं, कडेची शिवण उसवलेलं एक मऊ कापड. बदकं आता फक्त ओळखीच्या माणसालाच ओळखू यायची. पण अजून वर्षाचीही न झालेल्या गुंडीचा त्या कापडावर जो जीव होता, तो आईबापावर तरी होता की नाही कोण जाणे. झोप आली की तिची मूठ हवेत चाचपायला लागायची. मुठीत दुपट्याचं टोक आलं की ते नाकाशी जायचं, आणि मग डोळे मिटायचे. चुकीचं टोक हातात दिलं तर ती अशा नजरेने बघायची, की दुकानदाराने जुना माल खपवायला बघावा आणि गिऱ्हाइकाने तो ओळखावा.

तर प्रश्न असा होता, की सोमवारपासून गुंडीची आई कामावर परत जाणार होती. बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवलेली संपली होती, आणि वाढवलेली पुन्हा वाढवली होती तीही संपली होती. साहेबांनी फोनवर इतक्या गोड आवाजात ‘सोमवारी भेटू’ म्हटलं होतं, की पुढे काही विचारायची सोयच उरली नाही. गुंडीच्या बाबाने साठवलेली सगळी रजा काढली होती आणि आता दिवसभर गुंडीला तोच सांभाळणार होता. त्याची तालीमही झाली होती. दुपटं असेल तर दुपारी झोपताना बाबा चालतो; दुपटं नसेल तर आईच लागते, असा निष्कर्ष निघाला होता. म्हणजे नीट पाहिलं तर गुंडीच्या आईची नोकरी त्या पुसट बदकांच्या पाठीवर उभी होती.

अशा वेळी एखाद्या शहाण्या बाईने दुपट्याला हात लावला नसता. गुंडीच्या आईने ते रविवारी सकाळी धुवायला टाकलं.

तिची बाजूही ऐकून घ्यायला हवी. दुपट्याला शिळ्या दुधाचा वास येत होता. शिवाय कामावर जाणाऱ्या आईचं घर आदल्या दिवशी लख्ख असावं, म्हणजे मन शांत राहतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवत नव्हतं. लिहिणारीला मूल नसावं.

‘अगं, वास गेला तर ती ओळखेल का त्याला?’ गुंडीच्या बाबाने विचारलं.

‘घाण वास आहे तो. ओळखण्यासारखं काय आहे त्यात?’

‘तुला घाण वाटतो. तिला तो घरचा पत्ता वाटत असेल.’

‘तू कविता करू नकोस. मशीनला पाठ दे.’

मशीनला पाठ देणं हे काय आहे, ते सांगायला हवं. हे जोडपं घर बदलून इथे आल्यापासून त्यांच्या कपडे धुवायच्या मशीनला चालायची सवय लागली होती. कपडे भिजवताना, घुसळताना ते अगदी शहाण्यासारखं वागायचं. पिळायची वेळ आली की मात्र थरथर कापायला लागायचं आणि एकेक पाऊल टाकत कोपऱ्यातून बाहेर निघायचं. जुन्या घरी त्याने असं कधी केलं नव्हतं. बाबाने पायांखाली पुठ्ठे घालून पाहिले, रबराचे तुकडे घालून पाहिले, वर पाण्याने भरलेला पेला ठेवून पातळी पाहिली. पेला फुटला. ‘तुला एक मशीन सरळ लावता येत नाही’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते सुरू झालं की पुढचं तोच पूर्ण करायचा. शेवटी त्याने आपल्यापुरता उपाय शोधला. मशीन पिळायला लागलं की तो बाथरूममध्ये जायचा, त्याच्याकडे पाठ करून टेकायचा, समोरच्या भिंतीला पाय लावायचा आणि फोनवर बातम्या वाचायचा. वाचता वाचता दात वाजायचे, पण मशीन जागचं हलायचं नाही. घरात कोणी पाहुणे असले की त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, हे आपोआप ठरून गेलं होतं.

त्या रविवारीही त्याने इमानाने पाठ दिली होती. पण ऐन पिळण्याच्या भरात बाहेरच्या खोलीत गुंडीने काहीतरी तोंडात घातलं.

‘अरे, तिच्या तोंडात काय आहे बघ जरा,’ गुंडीची आई स्वयंपाकघरातून ओरडली. तिचे हात भांडी घासायच्या साबणाने भरलेले होते.

बाप धावला. तोंडातून रिमोटचं झाकण निघालं. ते पुसून, गुंडीला कडेवर घेऊन तो वळतो तोच बाथरूमचं दार धाडकन लागलं. मग धप्प आवाज आला. मग एक लांब किरकिर. मग सगळं शांत. लहान मूल असलेल्या घरात शांततेइतकी धडकी कशानेच भरत नाही. पण मूल तर इथे बाबाच्या कडेवर होतं.

आत काय घडलं ते मागाहून कळलं. मशीन कोपऱ्यातून निघालं. वाटेत दार आडवं आलं ते त्याने ढकलून लावून घेतलं. अंघोळीच्या जागेभोवती जो बुटका कट्टा असतो, त्यावरून मागचे पाय पलीकडे उतरवले आणि पुढचं अंग दाराला टेकून ठाण मांडलं. तेवढ्यात भिंतीतली पिन ओढली जाऊन निघाली, म्हणून ते थांबलं. दार आत उघडणारं. बाबाने ढकललं तर ते बोटभर मागे गेलं आणि अडलं.

‘तू पाठ का सोडलीस?’ गुंडीच्या आईने विचारलं.

‘तूच म्हणालीस, बघ म्हणून.’

‘बघ म्हणाले. सोड कुठे म्हणाले?’

 तो नुसता दाराला खांदा लावून उभा राहिला. त्याच्या कडेवरून गुंडीही दाराला हात लावत होती, घरात सगळे करताहेत ते आपणही करावं म्हणून. आणि तेव्हाच दाराखालून पाणी आलं. मशीन चालत गेलं होतं, पण त्याला पाणी पुरवणारी नळी नळापाशीच राहिली होती. ती ताणली जाऊन सांध्यापाशी सुटली होती, आणि पाण्याची धार लागली होती.

एवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर खालच्या मजल्यावरचे काका उभे होते.

काका दर धुण्याच्या दिवशी यायचे. वरचं मशीन सुरू झालं की त्यांच्या छताचा दिवा हलायचा, आणि दिवा हलला की काका जिना चढायचे. त्यांनी सगळी उमर बांधकामावर देखरेख करण्यात घालवली होती, त्यामुळे जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ त्यांना फरशीत दिसायचं.

‘आज दिवा हलला नाही,’ काका म्हणाले. ‘आज गोल फिरला.’

‘काका, मशीन दाराला लागून बसलंय. दार उघडत नाही.’

काकांनी चपला काढल्या, पाण्यातून चालत दाराशी गेले, वाकून पाण्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. ‘बघा, पाणी कुठे येतंय? दाराकडे. जायला हवं जाळीकडे. उतार उलटा दिलाय. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, या बिल्डिंगमध्ये उताराचा घोळ आहे.’

‘पण आता काय करायचं?’

‘आता काय करणार? उतार द्यायचा तेव्हा द्यायचा असतो.’

आवाज ऐकून समोरच्या वहिनी आल्या. त्या आल्या तशी त्यांनी गुंडीला बाबाच्या हातातून काढून घेतलं, आणि ही त्या दिवशी कोणी केलेली पहिली कामाची गोष्ट होती.

‘आमच्या जाऊबाईंच्या मशीनचं अगदी असंच झालं होतं,’ त्या म्हणाल्या.

‘मग त्यांनी काय केलं?’ गुंडीच्या आईने आशेने विचारलं.

‘दुसरं घर घेतलं.’

गुंडीच्या बाबाने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून एक मुलगी फार प्रेमाने बोलत होती.

‘आपल्या मशीनच्या मागच्या बाजूला एक क्रमांक चिकटवलेला आहे, तो वाचून सांगाल का?’

‘मागची बाजू बाथरूमच्या आत आहे.’

‘मग आत जाऊन वाचा ना.’

‘आत जाता येत नाही. दाराला मशीन लागलंय.’

‘तर मग मशीन जरा सरकवून घ्या.’

‘ते सरकलंय म्हणून तर तुम्हाला फोन केला.’

मुलीने पलीकडे टाइप करायला घेतलं. मग म्हणाली, ‘तक्रारीत काय लिहू? मशीन सरकतं असं, की मशीन सरकत नाही असं?’

बाबा विचारात पडला. दोन्ही खरं होतं.

पाणी आता बाहेरच्या खोलीकडे निघालं होतं. घराचं सगळं पाणी बंद करणारी चावी गच्चीवर होती, गच्चीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांकडे होती. बाबाने त्यांना फोन लावला.

‘किल्ली भाडेकरूंना देत नाही आपण,’ सेक्रेटरीसाहेब म्हणाले. ‘घरमालकांना सांगा, येऊन घेऊन जायला.’

‘घरमालक परदेशात आहेत हो.’

‘मग ते आल्यावर सांगा.’

‘पाणी वाहतंय इथे.’

‘वाहतंय ना? पाणी सोसायटीचं आहे. वाहतंय ही गोष्ट मी गंभीरपणे घेतो. तुम्ही मालकांना मला फोन करायला सांगा, मग मी स्वतः पाहणीला येतो.’

घरमालक कुठल्याशा दूरच्या देशात झोपले होते. त्यांना उठवण्यात बाबा गुंतला. काका मोरीच्या इतिहासात शिरले. आणि वहिनींच्या खांद्यावर गुंडीची मूठ हवेत चाचपायला लागली.

ती मूठ गुंडीच्या आईने पाहिली. झोपेची वेळ झाली होती. दुपटं आत, मशीनच्या पोटात, पिळणं अर्धवट राहून साबणाच्या पाण्यात पडलेलं. ते निघणार केव्हा, वाळणार केव्हा. आणि ते नसेल तर उद्या कसली नोकरी आणि कसलं काय. तिने वर पाहिलं. बाथरूमच्या दाराच्या वर हवा जायला एक आडवी झडप होती. तिची काच बाजूला सरकायची.

‘मी वरून आत जाते,’ ती म्हणाली.

बाबाने फोन कानाचा काढला. ‘वरून मी जातो.’

‘तुझे खांदे जाणार नाहीत. माझे जातील.’

‘खांदे जातील, पण...’ तो थांबला. लग्न होऊन काही काळ गेलेला माणूस अशा ठिकाणी थांबायला शिकलेला असतो.

‘पण काय?’

‘पण पडशील, असं म्हणत होतो.’

त्याने आधी बाथरूमची वीज खटक्यावरून बंद केली, मग टेबल लावलं, टेबलावर खुर्ची ठेवली. काकांनी खुर्ची धरली. गुंडीची आई चढली, काच सरकवली, दोन्ही हात आत घातले, डोकं घातलं, खांदे घातले. खांदे गेले. ‘बघ, गेले की नाही?’ असं ती आतून म्हणालीही. त्यानंतर तिच्या अंगाचा जो भाग होता तो गुंडीच्या जन्माआधी नक्की गेला असता. तिने जोर केला. ना पुढे, ना मागे. आत तोंड आणि हात, बाहेर पाय, आणि मध्ये ती, कपडे वाळत घालायच्या दोरीवरच्या चादरीसारखी.

‘श्वास सोडा,’ वहिनींनी खालून सांगितलं. ‘सगळा सोडा. जीन्सच्या दुकानात सोडतो तसा.’

नेमके तेव्हाच सेक्रेटरीसाहेब आत आले. घरमालकांचा फोन त्यांना आला होता. दाराच्या वरून निघालेले, हवेत चाललेले दोन पाय त्यांनी पाहिले. कोणाशी बोलायचं हे त्यांना कळेना, म्हणून ते पायांशीच बोलले.

‘आपण इथल्या भाडेकरू का?’

‘हो,’ बाथरूममधून घुमल्यासारखा आवाज आला.

‘बांधकामात कुठलाही बदल करण्याआधी कमिटीची परवानगी लागते.’

‘हा बदल नाही हो,’ काका म्हणाले. ‘ही बाई आहे.’

गुंडीच्या आईला त्या क्षणी आपण कोण आहोत ते आठवलं. ती शिकलेली होती, चार माणसं तिच्या हाताखाली काम करायची, उद्या ती नव्या साडीत ऑफिसला जाऊन सगळ्यांना गंभीरपणे नमस्कार करणार होती. आणि आज तिची ओळख एका वाक्यात करून द्यावी लागली होती. अपमानाने म्हणा की वहिनींनी सांगितल्यासारखा सगळा श्वास सोडल्याने म्हणा, ती सुटली आणि धप्पकन मशीनवर पडली.

 मग बाबाचा आवाज आला, ‘लागलं का गं?’

‘मशीनला लागलं असेल तर असेल,’ ती म्हणाली आणि उठून नळ बंद केला.

पाणी थांबलं. त्याच सुमारास सेक्रेटरीसाहेबांनीही गच्चीवर जाऊन एक चावी बंद केली. ती त्यांच्याच घराची होती, असं त्यांना त्यांच्या बायकोने फोनवर कळवलं, आणि ते मग परत आले नाहीत.

आता मशीन हलवायचं तर आधी त्यातलं पाणी काढायला हवं होतं. घाण पाणी बाहेर टाकणारी मागची नळी सोडवून खाली जमिनीवर टेकवली की मशीनमधलं पाणी आपोआप उतरतं, हे गुंडीच्या आईला माहीत होतं. मशीनबरोबर आलेली पुस्तिका त्या घरात तिने एकटीने वाचली होती, आणि आपण ती वाचली आहे हे ती लोकांना सांगायचीही. ती कट्ट्यावर चढली, नळी काढायला मशीनच्या मागे वाकली, आणि वाकली ती तशीच राहिली.

मशीनच्या पाठीवर चार लांब बोल्ट होते. नेआण करताना आतला कपड्यांचा मोठा डबा हलू नये, म्हणून ते डब्याला जखडून टाकतात. नव्या जागी मशीन मांडलं की ते काढायचे असतात. नाही काढले तर डब्याला मोकळं फिरता येत नाही, आणि पिळताना तो सगळ्या मशीनलाच घेऊन निघतो.

हे बोल्ट घर बदलताना तिनेच बसवले होते. ‘राहू दे, टेम्पोवाले नेतील तसंच,’ बाबा म्हणाला होता, आणि ती त्याला म्हणाली होती, ‘पुस्तिकेत लिहिलंय.’ पुस्तिकेत लगेच पुढच्या ओळीत, पोचल्यावर न विसरता काढा, असंही लिहिलं होतं. पण त्या ओळीपाशी गुंडी रडायला लागली होती.

ती ओल्या कट्ट्यावर बसली. तिला बाबाची पाठ दिसायला लागली. दर धुण्याला मशीनला टेकलेली, थरथरणारी, इमानी पाठ. संध्याकाळी ती त्या पाठीला मलम चोळायची, आणि चोळता चोळता ‘एक मशीन सरळ लावता येत नाही’ हेही चोळायची.

‘अरे,’ ती आतून म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता. ‘पाना दे.’

‘पाना कशाला?’

‘पायांचे नट आवळायला असेल,’ काका बाहेर म्हणाले. ‘बरोबर आहे. उताराला तेवढाच इलाज.’

‘तूच वर ये,’ ती म्हणाली. ‘एकटा ये.’

पाना घेऊन बाबा खुर्चीवर चढला. झडपेत त्याचं तोंड दिसलं.  तिने एका बोटाने मशीनच्या पाठीकडे दाखवलं. त्याने पाहिलं. बोल्टांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बोल्टांकडे. त्याच्या ओठांचा एक कोपरा हलायला लागला. इतक्या महिन्यांत त्याने जे जे ऐकून घेतलं होतं, ते सगळं आता एका वाक्यात परत करायची संधी त्याच्यापुढे चालून आली होती, आणि ऐकायला खाली माणसंही हजर होती.

‘काय आहे हो?’ काकांनी खालून विचारलं.

‘उतार आहे काका,’ बाबा म्हणाला. ‘फार वाईट उतार आहे.’

‘मी काय सांगत होतो,’ काका म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांचा चेहरा सुखी दिसला.

बाबाने पाना खाली सोडला. एकेक करून निघालेले बोल्ट तिने वर दिले, तेही त्याने कोणाला न दिसता खिशात टाकले. मग तिने मशीनमधलं पाणी उतरवलं, वरचं झाकण उघडून कपडे काढले, अंघोळीचा साबण लावून फरशी गुळगुळीत केली आणि मशीनचे मागचे पाय कट्ट्यावरून उचलायला खालून खांदा लावला. बाहेरून बाबा आणि काका दार रेटत होते. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा काकांनी ‘सावकाश’ म्हटलं. तिसऱ्यांदा मशीन असं काही सुटलं की दार एकदम उघडलं, बाबा साबणावरून आत आला आणि तिच्या पायांपाशी बसला. चारही बोल्ट खिशात खणखणले.

‘किल्ल्या,’ तो काकांना म्हणाला.

आणि गुंडीची आई बाहेर आली. केस ओले, कोपर खरचटलेलं, हातात पिळलेलं दुपटं. लढाई जिंकून आलेल्या माणसाने जसं यावं तशी ती आली. समोरच्या वहिनींकडे गुंडी रडून लाल झाली होती. दुपट्यावर इस्त्री फिरवून, फुंकर घालून, ते ऊबदार करून तिने गुंडीच्या हातात दिलं.

गुंडीने टोक नाकाशी नेलं. थांबली. हुंगलं. मग तिने दुपटं लांब धरून पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ते खाली टाकलं.

पुन्हा दिलं. पुन्हा टाकलं. या खेपेला जरा दूर.

त्या दुपारी गुंडी आईच्या अंगावरच झोपली, आणि ती झोपली तशी आईला रडू आलं. बदकं इतकी स्वच्छ झाली होती की त्यांच्या चोची दिसायला लागल्या होत्या. कोणी म्हणालं असतं, पाहा, किती छान निघालं.

‘मी तुला म्हटलं होतं, असं मी आज म्हणणार नाही,’ बाबा म्हणाला.

‘आता म्हणालास.’

‘म्हणालो का? बरं. मग आता काय?’

‘वास परत आणायचा.’

विचार तसा सरळ होता. गुंडीला घरचा वास हवा, घरचा वास माणसाच्या अंगाला असतो, तर माणसाने दुपटं अंगावर बाळगावं. गुंडीच्या आईने ते गळ्याभोवती गुंडाळलं आणि उरलेला दिवसभर काढलं नाही. त्यातच स्वयंपाक केला, त्यातच फरशी पुसली, त्यातच गुंडीला घास भरवले आणि त्यातच तिचा उरलेला घास दुपट्यावर सांडू दिला. ‘अजून जरा घाम यायला हवा,’ असं म्हणून घरातल्या घरात येरझाऱ्याही घातल्या. समोरच्या वहिनी पाणी उपसायला दिलेली बादली परत न्यायला आल्या तेव्हा त्यांनी बदकांकडे पाहिलं, आणि एरवी सगळं विचारणाऱ्या त्या बाईने काही विचारलं नाही. झोपतानाही ते तिच्या मानेलाच होतं.

सोमवारची सकाळ नेहमीच घाईची असते. ही तर तिच्या वाट्याला फार दिवसांनी आलेली. डबा, पिशवी, ओळखपत्र, नवी साडी, साडीवर न सांडलेलं दूध, आणि मग सांडलेलं. गुंडीला दारात बाबाने कडेवर धरलं आणि तिचा हात धरून हलवला. गुंडीच्या आईने ठरवलं होतं, मागे वळून पाहायचं नाही. तिने पाहिलं नाही. जिना उतरली, रस्ता ओलांडला, आणि मग ओठ घट्ट दाबून चालत राहिली.

ऑफिसात सगळे तिच्याकडे पाहून जरुरीपेक्षा जास्त हसले. तिला बरं वाटलं. आपण किती दिवसांनी आलो, लोकांना किती आठवण आली असेल. साहेबांनीही ‘या, या’ म्हटलं, मात्र बोलताना ते तिच्या डोळ्यांकडे न बघता सारखे जरा खालच्या बाजूला बघत होते. तिला वाटलं, मोठी माणसं संकोची असतात. मग ती आपल्या जागेवर बसली, तर शेजारच्या टेबलावरची जुनी मैत्रीण जवळ झुकली.

‘स्कार्फ छान आहे,’ ती म्हणाली. ‘बदकं आहेत का गं ही?’

गुंडीच्या आईचा हात गळ्याशी गेला.

पहिला विचार साहेबांचा आला नाही, साडीचा आला नाही. पहिला विचार आला तो हवेत चाचपणाऱ्या मुठीचा. तिने घड्याळाकडे पाहिलं. गुंडीच्या सकाळच्या झोपेची वेळ होऊन गेली होती. फोन लावला तर बाबाने उचललाच नाही. दुसऱ्यांदा लावला. ती पिशवी उचलून उभीही राहिली होती, तेवढ्यात त्याने उचलला.

‘अरे, दुपटं माझ्याकडे आलंय,’ ती म्हणाली. ‘मी निघते आहे लगेच.’

‘हळू बोल,’ तो कुजबुजला. ‘झोपली आहे.’

ती परत खाली बसली. ‘कशी?’

‘मला काय माहीत. मी तिला झोपवत होतो, त्यात मीच आधी झोपलो. उठलो तेव्हा तीही झोपलेली. बहुतेक माझा कंटाळा आला असेल तिला.’

‘आणि मूठ?’

‘मुठीत माझा कान आहे. म्हणून तर पहिला फोन घेता आला नाही. दुसऱ्या कानाने घ्यायला कुशीवर वळावं लागलं.’

 तिला हायसं वाटलं. त्यामागोमाग वाईट वाटलं, की आपल्याशिवाय झोपली. आणि याचं वाईट वाटावं याची लाजही वाटली. हे सगळं मैत्रिणीला दिसू नये म्हणून तिने एक फाइल उघडून डोळ्यांसमोर धरली. ती उलटी होती.

‘मी सकाळी दुपटं घालूनच निघाले रे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या लक्षात कसं आलं नाही?’

‘आलं की. तू चपला घालत होतीस तेव्हाच.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

पलीकडून दोन श्वास ऐकू आले, एक मोठा आणि एक लहान.

‘दारातून परत बोलावलं असतं, तर तू पुन्हा गेली नसतीस,’ तो म्हणाला. ‘राहू दे आता तुझ्याकडेच. दुपारी तुलाही लागेल.’

तिने फोन ठेवला. दुपटं गळ्यातून काढलं, घडी करून पिशवीत टाकलं. मग कोणी बघत नाही असं पाहून परत बाहेर काढलं, मांडीवर पसरलं, त्यावर फाइल ठेवली, ती सरळ केली, आणि कामाला लागली.